व्हिसा संपेल त्या दिवशी हातात काय असेल?

पत्र : माझा मुलगा पंचवीस वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून २०२१पासून रबाळे एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. आधी दोन वर्षं कंत्राटदाराकडे होता, आता कंपनीत कायम आहे. त्याला जर्मनीत नोकरी करायची आहे. वाशीचा एजंट म्हणतो, चार लाखांत व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथे पोचल्यावर तो वर्क परमिटमध्ये कन्व्हर्ट होतो. नाहीतर बारा लाखांत स्टुडंट व्हिसा. पंचवीस हजार भरून झालेत. यांची कंपनी बंद पडल्यापासून माझ्या पोळी-भाजीवर घर चालतं, त्यामुळे खोली गहाण टाकावी लागेल. कुठला व्हिसा लवकर मिळेल? आणि जर्मन शिकण्यासाठी मुलाने नोकरी सोडावी का?
– एक आई, ऐरोली

उत्तर :

ताई,

तुम्ही पाठवलेला पावतीचा फोटो मोठा करून पाहिला. ‘फाइल चार्जेस रु. २५,०००, नॉन-रिफंडेबल’, खाली गिचमिड सही, तिच्यावर अर्धवट उमटलेला शिक्का. जीएसटी क्रमांक नाही. आणि पैसे ज्यासाठी घेतले, त्या व्हिसाचं नाव कुठेच नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवरसुद्धा कुठल्या महिन्याचे पैसे ते लिहिलेलं असतं.

लवकर कुठला मिळेल, असं तुम्ही विचारलंत. ठाण्याच्या नौपाड्यात दर शनिवारी सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसणारे बहुतेक पालक हेच विचारतात, आणि मी त्यांना उलट विचारतो की तो व्हिसा संपेल त्या दिवशी मुलाच्या हातात काय असेल? तिथून मागे मोजत या. एजंटचे दोन्ही पर्याय तपासायला तेवढं पुरतं.

व्हिजिटचं घ्या. तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच अल्पमुदतीचा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं, नोकरी करायची नाही. ‘कन्व्हर्ट’ या शब्दावर एजंटचं दुकान चालतं, पण व्हिजिटवर गेलेल्या भारतीयाला नोकरीसाठी राहायचं तर मायदेशी परत येऊन जर्मनीचा नॅशनल, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा काढावा लागतो. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांच्या नागरिकांना मात्र आधी जर्मनीत पोचून मग तिथेच अर्ज करता येतो. एजंट ज्याचा किस्सा सांगतो, त्याचा पासपोर्ट कुठल्या देशाचा होता ते विचारा.

सगळेच किस्से खोटे असतात असंही नाही. कॅनडात एकेकाळी व्हिजिटरला तिथूनच वर्क परमिटचा अर्ज करता यायचा, पण ती सवलत २८ ऑगस्ट २०२४ला बंद झाली. ऑस्ट्रेलियातही व्हिजिटवर जाऊन तिथूनच स्टुडंट व्हिसा मागायची वाट १ जुलै २०२४पासून बंद आहे. म्हणजे कुणाचा तरी भाचा खरंच तसा गेला असेल. दार बंद झालं, भाच्याची गोष्ट मात्र अजून विकली जाते.

शिवाय अर्जावर हेतू काय लिहिणार? पर्यटन. हॉटेलचं बुकिंग दाखवायचं आणि परत येणार म्हणून सांगायचं. खाली सही तुमच्या मुलाची असेल, एजंटची नाही. कळव्याचा एक मुलगा असाच गेला होता, देश वेगळा. हॉटेलात भांडी घासली, मुदत उलटली, पकडला गेला आणि परत आला. चार वर्षांनी त्याला एका चांगल्या कंपनीची खरीखुरी ऑफर आली. माझ्याच टेबलावर तो फॉर्म भरत होता. ‘यापूर्वी कोणत्याही देशाने तुम्हाला परत पाठवलं आहे का’ या रकान्याशी आला आणि त्याने पेन खाली ठेवलं. बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

जर्मनीच्या बाबतीत आणखी एक. व्हिसा नाकारला तर पूर्वी दूतावासाला पत्र लिहून फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५पासून ती सोय जगभर बंद झाली. आता एकतर नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दावा. पहिला अर्ज चुकीच्या प्रकारात घालणं म्हणूनच आता महाग पडतं.

स्टुडंट व्हिसावर फार वेळ घालवत नाही. तुमच्या पत्रात मुलाला पुढे शिकायचं आहे असं एकदाही आलेलं नाही. ज्याला शिकायचंय त्याच्यासाठी तो उत्तम मार्ग आहे. पण दहावीनंतरच्या डिप्लोमावर तिथल्या विद्यापीठात थेट प्रवेश मिळेल हे धरून चालता येत नाही. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएस ही कागदपत्रांची तपासणी सक्तीची आहे, आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो (२०२५चा आकडा) ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच सुटणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. बारा लाखांत हे पैसे धरलेत का, एवढं एजंटला विचारा. बहुतेक तो विषय बदलेल.

आता त्याने न सांगितलेल्या गोष्टीकडे येऊ.

जून २०२४पासून जर्मनीने ‘शांसेनकार्टे’ सुरू केलं आहे, इंग्रजीत ऑपॉर्च्युनिटी कार्ड. हातात नोकरी नसताना, ती शोधण्यासाठी जास्तीत जास्त एक वर्ष तिथे राहायची कायदेशीर परवानगी. त्या काळात आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणूनही. त्यासाठी सरकारमान्य, किमान दोन वर्षांचं व्यवसायशिक्षण किंवा पदवी हवी. तुमच्या मुलाकडे तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. भाषेची किमान अट जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ (ए-१, ए-२, बी-१, बी-२ या भाषेच्या चढत्या पायऱ्या). त्यावर सहा गुण जमवायचे.

तुमच्या पत्राच्या पाकिटामागेच मी हिशेब मांडला. पस्तिशीच्या आत म्हणून २. गेल्या पाच वर्षांत शिक्षणाशी निगडित दोन वर्षांचा अनुभव म्हणून २. झाले चार. उरलेले दोन भाषेचे. जर्मन ए-२ला १, बी-१ला २, बी-२ला ३. म्हणजे बी-१ पास झाला की सहा पूर्ण. आणि गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव दाखवता आला, तर अनुभवाचे दोनाऐवजी ३ मिळतात, मग ए-२वरही भागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, नोकरीच्या प्रश्नाशी परत यायचंय.

पैसे लागतातच. २०२५च्या हिशेबाने दरमहा १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२. युरो शंभर रुपयांना धरला तरी तेरा लाखांच्या वर. आकडा ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल. पण हे पैसे त्याच्याच नावावर राहतात, दर महिन्याला त्याच्याच खर्चाला सुटतात. एजंटचे चार लाख दिले त्या दिवशी गेले.

पण आता माझाच प्रश्न या कार्डाला लावू या. वर्ष संपलं त्या दिवशी काय? इथे खरी मेख आहे, आणि सहा गुणांच्या आनंदात ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कार्डावर तिथे जाता येतं, पण पुढे राहायचं तर नोकरीच्या परवान्यात जावं लागतं. डिप्लोमावाल्याला त्याचे मुख्य दोन रस्ते. एक, त्याचं शिक्षण तिथल्या एखाद्या व्यवसायाच्या बरोबरीचं आहे अशी अधिकृत मान्यता. दुसरा, मान्यता नसली तरी सरकारमान्य शिक्षण आणि अनुभवाच्या जोरावर, पण मग पगाराची अट येते. २०२५ साली ती वर्षाला ४३,४७० युरो होती. नवख्या, बी-१ बोलणाऱ्या सीएनसी ऑपरेटरला पहिल्याच वर्षी तेवढा पगार कोण देईल? देणारा भेटेलही, पण त्या भरवशावर खोली गहाण टाकू नका.

म्हणून मान्यतेचा अर्ज जाण्याआधीच, ऐरोलीत बसून करायचा. औद्योगिक व्यवसायांसाठी हे काम न्यूरेंबर्गची आयएचके फोसा ही संस्था करते. फी कामानुसार १०० ते ६०० युरो. डिप्लोमाच्या गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील, अनुभवाची पत्रं पाठवायची. कागद पुरे असले की साधारण तीन महिन्यांत निकाल येतो. पूर्ण मान्यता मिळाली तर गुण मोजायचीच गरज नाही, तो कुशल कामगार धरला जातो आणि त्याच्या वयाला ती पगाराची अटही लागत नाही. अर्धवट मिळाली तर एकट्या तिचेच ४ गुण, शिवाय राहिलेला भाग तिथे जाऊन भरून काढण्यासाठी वेगळा व्हिसा आहे. काहीच नाही मिळाली, तर फीचे पैसे गेले आणि खोली वाचली. माझ्या मते तुमच्या घरातला पहिला खर्च हा असायला हवा.

चौथा एक रस्ता आहे. तो सांगितला की मुलं नाक मुरडतात. आउसबिल्डुंग. कंपनीत उमेदवारी आणि जोडीला व्यवसायशाळा. इंडस्ट्रियल मेकॅनिकची साडेतीन वर्षांची असते. शिकताना मोबदला मिळतो, २०२५ साली पहिल्या वर्षाचा कायद्याने ठरलेला किमान आकडा महिना ६८२ युरो होता आणि धातू उद्योगात सहसा त्याहून बराच जास्त. पंचविशीत परत शिकाऊ व्हायचं, एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी उभं राहायचं, हे मनाला लागतं. पण संपेल त्या दिवशी हातात जर्मन प्रमाणपत्र असतं, मान्यतेचा प्रश्नच उरत नाही, आणि त्यानंतर दोन वर्षं त्या कामात काढली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तुमच्या मुलाला आधी मान्यता अजमावू द्या. तिथे नकार आला तर हा रस्ता त्याच्यासमोर ठेवा, आणि मी सुचवलं म्हणून सांगा. शिव्या मला बसू देत.

एजंटबद्दल. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला १९८३च्या एमिग्रेशन (परदेशगमन) कायद्याखाली केंद्राकडे नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. नोंदणी झालेल्यांची नावं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधता येतात. तुमचा माणूस म्हणेल, ‘मी रिक्रूटर नाही, कन्सल्टंट आहे.’ मग नोकरीचं आश्वासन कशाच्या जोरावर देतो? त्याला भेटायला जाल तेव्हा एकटीने जाऊ नका. कुठल्या प्रकारचा व्हिसा, अर्जात हेतू काय लिहिणार आणि पैसे परत कधी, ही तीन उत्तरं त्याच्या लेटरहेडवर मागा. पंचवीस हजार परत येतील असं मी सांगणार नाही. आले नाहीत तरी तेवढ्यावर थांबा. भरलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून आणखी पैसे भरणारी घरं मी पाहिली आहेत.

आता नोकरी. अजिबात सोडायची नाही. शून्यापासून बी-१ला, जर्मन शिकवणारी ग्योटे इन्स्टिट्यूट पंचेचाळीस मिनिटांचे ३५० ते ६५० तास धरते. नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्षाचं काम आहे. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात त्यांचे वर्ग असतात, पण ऐरोलीहून ठाण्याला गाडी बदलून सीएसएमटी, तेही शिफ्ट करून, रोज झेपणार नाही. शिकावं घराजवळ किंवा ऑनलाइन, परीक्षा मात्र मान्यताप्राप्त संस्थेचीच द्यावी. क्लासने स्वतः छापलेलं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावायच्या कामाचं. ग्योटेच्या बी-१ परीक्षेचे वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि ते सुटे देता येतात. मुलाला सांगा, बोलण्याचा भाग शेवटी ठेव.

आणि तो कंत्राटदार. पाच वर्षांच्या अनुभवाचे तीन गुण हवे असतील तर कंत्राटदाराकडची दोन वर्षं कागदावर दाखवावी लागतील, आणि कंपनी त्या वर्षांचं पत्र देणार नाही, कारण तेव्हा तो त्यांच्या रजिस्टरवरच नव्हता. रबाळे-महापे पट्ट्यात अशी कितीतरी मुलं आहेत. पत्रही ‘हा आमच्याकडे होता, वागणूक चांगली’ असलं दोन ओळींचं चालत नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कुठल्या मशीनवर, ड्रॉइंग वाचायचा का, प्रोग्रॅम स्वतः लावायचा की फक्त जॉब चढवायचा, हे सगळं त्यात हवं. मजकूर त्यानेच टाइप करून न्यावा, कंत्राटदाराला फक्त सही-शिक्का करायला लावावा. सोबत पीएफच्या पासबुकाची प्रिंट काढून ठेवा. त्यात कुठल्या महिन्यात कुणी पैसे भरले ते दिसतं. पीएफ भरलाच नसेल तर बँकेत जमा झालेल्या पगाराची स्टेटमेंट काढा.

हे या महिन्यातच उरका. कंत्राटदारांचे गाळे बदलतात, फोन लागेनासे होतात. पत्र हातात आलं की त्याचा फोटो मला पाठवा, आयएचके फोसाचा अर्ज आपण एखाद्या शनिवारी बसून भरू. येताना मुलालाही आणा. आतापर्यंतचं सगळं तुमच्याकडून कळलंय, त्याला काय हवंय ते त्याच्या तोंडून ऐकायचंय.