181 वर तक्रार बंद झाली तरी मुदत थांबत नाही

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागली नाही. सरकारी रुग्णालयात बहिणीचं सिझेरियन, टाक्यांत पू, नऊ दिवस कुणी जखम उघडून पाहिली नाही, आणि 181 या मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरची तक्रार तिसऱ्यांदा ‘निराकरण झाले’ म्हणून बंद. 2017 साली इथेच, इंदूरला, माझ्या बाबांच्या पायाचं असंच झालं. मधुमेहाची जखम, पाच दिवस पट्टी बदलली नाही, शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं सांभाळायची हे तुम्हाला सांगायला नको. माझं कुठे चुकलं तेवढं सांगतो.

दीड वर्ष मी एका दफ्तराचे हेलपाटे घातले. नाव लिहीत नाही. हेल्पलाइनवरची तक्रार ज्या विभागाविरुद्ध, त्याच विभागाकडे चौकशीला गेली. मंगळवारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईलाही दोनदा उभा राहिलो. दर वेळी एकच उत्तर, ‘जांच चल रही है, भैया.’ आणि एकदा तिथल्या बाबूने छातीठोकपणे सांगितलं, ‘सरकारी अस्पताल पर कंज्यूमर केस नहीं लगता.’ मी विश्वास ठेवला.

ते अर्धंच खरं होतं. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, की जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर, मग नोंदणीचे चार पैसे घेत असले तरी. पण जिथे काही रुग्णांकडून खर्च घेतला जातो, तिथे मोफत उपचार घेणाराही ग्राहकच. त्या रुग्णालयात पैसे भरून मिळणारा प्रायव्हेट वॉर्ड होता. मी रोज त्याच्या दारावरून बाबांचा डबा घेऊन जात होतो. वकिलाकडे पोचलो तेव्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती. उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज केला, पण दीड वर्षाच्या तोंडी आश्वासनांचा एकही कागद हातात नव्हता. अर्ज फेटाळला गेला.

म्हणून सांगतो, 181 चालू ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. प्रत्येक अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, तारीख, क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उपचारांच्या नोंदींची प्रत मागितल्यावर 72 तासांत द्यायची, असं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत आहे. रेकॉर्ड रूमला सकाळी लवकर जा, जेवणाच्या सुट्टीनंतर काम होत नाही.

तिथे सगळेच उपचार मोफत असतील तर दिवाणी दाव्याचा रस्ता उरतो. त्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मी वकील नाही, बँकेतून निवृत्त झालोय, तेव्हा हे चांगल्या वकिलाकडून तपासून घ्या.

रस्ता लांब आहे, हे लपवत नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली. राज्य सरकार जबाबदार आहे हा सुप्रीम कोर्टाचा शेवटचा निकाल 1996 ला आला. भरपाई 36,000 रुपये. घटनेपासून तेहतीस वर्षं गेली, सरकार भांडत राहिलं, आणि वकिलांचा खर्च तुमच्याआमच्या कराचा. इंग्लंडमध्ये 2023-24 या एका वर्षात अशा दाव्यांवर सुमारे 2.8 अब्ज पौंड गेले. आकडा भयंकर आहे, पण तो दरवर्षी छापला जातो आणि खासदार त्यावर सरकारला जाब विचारतात. आपल्या राज्याने गेल्या वर्षी किती भरपाई दिली, कोणत्या चुकांपायी, त्यानंतर वॉर्डात काय बदललं, हा हिशेब विधानसभेत दरवर्षी मांडलाच पाहिजे. भरपाई तिजोरीतून जाते आणि पट्टी न बदलणारा वॉर्ड तसाच राहतो, याचा मला आजही संताप येतो.

माहिती अधिकारात 10 रुपये भरून एवढंच विचारा: माझ्या तक्रारीची चौकशी कुणी केली, अहवालाची प्रत द्या. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. मी हे फार उशिरा केलं, आणि चौकशी झालीच नव्हती असं लेखी मिळालं.

बहिणीचं सिझेरियन कोणत्या तारखेला झालं ते कळवा. दोन वर्षं त्याच दिवसापासून धरून चला.