पॉलिश कॅपचा झुपका कापायचा का?

प्रश्न: ताई, पॉलिश कॅपची (डोक्यावर पिसांचा मोठा झुपका असलेली कोंबडीची जात) जोडी घेतलीय, परसात गावठी कोंबड्यांसोबतच सोडतो. पावसाळा सुरू झाल्यापासून मादीचा एक डोळा चिकटतोय, बाकीच्या कोंबड्या तिच्या डोक्यावर टोचतात, आणि जवळ गेलं की ती दचकून भिंतीवर आपटते. कोंबड्यांच्या शोला न्यायची इच्छा आहे. झुपका कापू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दादा, आधी तिला वेगळी करा, आजच. या जातीच्या कवटीवर उंचवटा असतो, त्यावरच झुपका उगवतो आणि तिथलं हाड बऱ्याचदा पूर्ण भरलेलं नसतं, म्हणजे टोच बसली तर थेट मेंदूला इजा होऊ शकते. दचकते कारण तिला वरचं आणि बाजूचं दिसतच नाही हो, म्हणून जवळ जाताना बोलत जा, आवाजाची सवय होते. डोळा कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, दोन दिवसांत उतरलं नाही किंवा नाकातून पाणी आलं तर व्हेटला दाखवा, घरच्या घरी अँटिबायोटिक नको. झुपका ओला राहिला की सगळं बिघडतं, त्यामुळे उघडं भांडं काढून निप्पल ड्रिंकर (चोचीने टोचलं की थेंब थेंब पाणी देणारी नळी) लावा आणि पिसं बाजूला करून मुळाशी उवा आहेत का बघा. कापलेली पिसं पुढच्या मोल्टपर्यंत (जुनी पिसं झडून नवी येतात तोवर) येत नाहीत, शोमध्ये तर झुपकाच बघतात, तेव्हा कापू नका, डोळ्यावरची पिसं मऊ रबराने सैल बांधा. शोला न्यायची नसती तर बिनधास्त कापा म्हटलं असतं, तिला दिसणं जास्त महत्त्वाचं. आणि ही सहसा खुडूक बसत नाही, पिल्लं हवी असतील तर अंडी गावठीखाली ठेवा.