न बोलता एकमेकांचं कळणं, याला कॅन्टोनीज बोलीत काय म्हणतात?

तुम्ही विचारलंय की दोघांना न बोलता एकमेकांच्या मनातलं कळतं, त्याला कॅन्टोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगकडच्या चिनी बोलीत, रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता. माझ्या मते 'सम चीउ'. यातला च चोरातला बरं का, चहातला नाही.

सम म्हणजे मन, हृदय आणि चीउ म्हणजे उजेड पडणं. मूळ शब्दप्रयोग चार अक्षरांचा आहे, 'सम चीउ पत स्यून', म्हणजे मनात लख्ख आहे पण बोलून दाखवायचं नाही. हाँगकाँगमध्ये लोक बोलताना शेवटची दोन अक्षरं गाळूनच टाकतात आणि त्या दोन अक्षरांचाच अर्थ आहे 'बोलून न दाखवणं', म्हणजे न बोलण्याबद्दलचा भागच कोणी बोलत नाही! हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा इतकं भारी वाटलं की दिवसभर तेच डोक्यात होतं.

मी नोकरीसाठी काही वर्षं तिथे होतो. ऑफिसात एकाने अचानक राजीनामा दिला, त्यामागचं कारण सगळ्यांना माहीत होतं, मी विचारायला गेलो तर शेजारची ताई हळूच म्हणाली, 'ताय का सम चीउ ला', म्हणजे आपल्या सगळ्यांना कळतंय ना, मग राहू दे.

'मक खय' हा शब्दही ऐकाल, पण तो सवयीने जुळलेल्या ताळमेळासाठी, बॅडमिंटनच्या डबल्समध्ये जोडीदार कुठे धावणार ते आधीच कळतं ना, तसा. सम चीउमध्ये एखादी ठरावीक गोष्ट असते, दोघांना माहीत असलेली आणि मुद्दाम न बोललेली.

आणि माझी सगळ्यात लाडकी म्हण म्हणजे 'वाक कुंग चय म सय वाक छत छंग'. माणसाचं चित्र काढताना आतडी काढून दाखवायची गरज नाही! कोणी फारच फोड करून सांगायला लागलं की हे म्हणतात.

तिकडे यम छाला, म्हणजे चहा प्यायला आणि डिमसम, म्हणजे वाफवलेले वगैरे छोटे छोटे पदार्थ, खायला गेलात तर हे सगळं टेबलावरच दिसतं. कोणी तुमच्या कपात चहा ओतला की बोलणं न थांबवता दोन बोटं टेबलावर टकटक करायची, झाले आभार. किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की वेटर गरम पाणी भरून आणतो.

फक्त नवीन ओळखीत सम चीउ जपून वापरा, पैशाच्या विषयात तर नकोच, तिथे त्याला लपूनछपून देण्याघेण्याचा वास येतो.