कर्नलमधलं जुनं टेस्ट मॉड्यूल काढायचं तर फक्त फाइल डिलीट करून भागतं का?

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लिब फोल्डरातलं टेस्ट मॉड्यूल, म्हणजे चाचणीसाठी लोड करायचा कोडचा तुकडा, कोणी वापरत नसेल तर ते काढायलाच हवं. पण सी फाइल उडवणं हा सगळ्यात सोपा भाग. तिची शेपटं, म्हणजे इतर फाइलींमधले तिचे उल्लेख, मागे राहतात, आणि बिल्ड (कोडपासून कर्नल तयार करणं) बहुतेकदा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आधी ते खरंच निकामी आहे का बघा. लोड करताना एरर येते एवढ्यावरून ठरवू नका. टीक्रिप्ट हे क्रिप्टो कोड तपासणारं मॉड्यूल चाचण्या पार पडल्या तरी मुद्दाम एरर परत करतं, मेमरीत पडून राहू नये म्हणून. तीच चाचणी केयुनिटमध्ये (कर्नलची स्वतःची चाचणी-चौकट, ५.५ पासून आहे) आली असेल, तर दोन्ही फाइली शेजारी उघडून एकेक केस जुळवा. राहिलेल्या केसेस आधीच्या पॅचमध्ये (पाठवायच्या बदलांच्या फाइलीत) आणा, काढण्याचा पॅच त्यानंतर.

मग गिट ग्रेपने सगळ्या कोडमध्ये त्याचं नाव शोधा. शोधताना मॉड्यूल चालू-बंद करणाऱ्या ऑप्शनच्या नावाआधीचा 'कॉन्फिग' हा उपसर्ग गाळा, कारण ऑप्शन जिथे नोंदवतात त्या केकॉन्फिग फाइलमध्ये तो नसतो. मेकफाइल (काय बिल्ड करायचं ते सांगणारी), डीफकॉन्फिग (ठरावीक ऑप्शनची यादी), मेंटेनर्स (कोणता भाग कोण सांभाळतं त्याची यादी), डॉक्युमेंटेशन, सगळीकडे बघा. केकॉन्फिगची नोंद काढली आणि मेकफाइलची ओळ राहिली, तर ऑप्शन कधीच चालू होत नाही, म्हणून बिल्ड बिनबोभाट होतो. दोन्ही तशाच राहिल्या आणि फक्त सी फाइल गेली, तर ज्याच्याकडे ऑप्शन चालू आहे त्याचाच बिल्ड फुटतो. तुमच्या नेहमीच्या कॉन्फिगवर काही कळत नाही. म्हणून ऑलमॉडकॉन्फिगवर (शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून चालू करणाऱ्या कॉन्फिगवर) बिल्ड कराच. उरलेल्या नावांसाठी स्क्रिप्ट्स फोल्डरात चेककेकॉन्फिगसिम्बॉल्स नावाची पायथन स्क्रिप्ट आहे.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते सेल्फटेस्टमधलं (कर्नलसोबत येणाऱ्या चाचण्यांच्या फोल्डरातलं) मॉड्यूल लोड करणारं शेल स्क्रिप्ट. मॉड्यूल सापडलं नाही की ते नापास होत नाही, 'स्किप' म्हणून ४ हा कोड देऊन बाहेर पडतं. असा अनाथ स्किप वर्षानुवर्षं अहवालात दिसत राहतो. तिथल्या मेकफाइलमधलं त्याचं नाव आणि कॉन्फिग फाइलमधली ओळही काढा.

फक्त त्या टेस्टसाठी एक्स्पोर्ट केलेली (मॉड्यूल्सना वापरायला खुली केलेली) फंक्शन्स असतील तर तो एक्स्पोर्ट वेगळ्या पॅचमध्ये काढा. रिव्ह्यू करणाऱ्याला बरं पडतं. कर्नलबाहेरच्या मॉड्यूलला ते लागतं, ही सबब तिथे चालत नाही.

पाठवताना गिटच्या फॉरमॅट-पॅच या पॅच बनवणाऱ्या कमांडला कॅपिटल डी हा पर्याय देऊ नका. पॅच आटोपशीर दिसतो खरा, पण डिलीट केलेला मजकूर त्यात नसल्याने तो लावता येत नाही.