पेनटेस्टचा रिपोर्ट लिहिताना

पेनटेस्ट म्हणजे क्लायंटच्या परवानगीने त्याच्या सिस्टिमवर हल्ला करून दोष शोधणं. दोष शोधणाऱ्या स्कॅनर सॉफ्टवेअरमधून निघालेली शेकडो पानांची पीडीएफ क्लायंटला तशीच पाठवू नकोस. ती कोणी वाचत नाही. रिपोर्टचे वाचक दोन. पैसे मंजूर करणाऱ्या साहेबांना पहिल्याच पानावर, साध्या भाषेत, धंद्याला धोका काय ते कळलं पाहिजे. डेव्हलपरला मात्र तुला फोन न करता तोच दोष पुन्हा घडवून बघता आला पाहिजे: कुठली यूआरएल, कुठला पॅरामीटर, कुठल्या रोलचं लॉगिन, सोबत रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स. 'इनव्हॉइस आयडी बदलला की दुसऱ्या ग्राहकाचं बिल दिसतं' असं लिही. नुसतं 'ऑथरायझेशन कमकुवत' वाचून तो बिचारा काय दुरुस्त करणार? स्क्रीनशॉटमधले पासवर्ड, आधार क्रमांक झाकायचे, आणि फाइल एन्क्रिप्ट करूनच पाठवायची. रिपोर्ट फुटला तर हल्लेखोराचं अर्धं काम झालं.

सीव्हीएसएसचा (दोषाची तीव्रता ० ते १० मध्ये मोजायची पद्धत) आकडा दे, पण त्याच्यावर विसंबू नकोस. त्यातला बेस स्कोअर, म्हणजे मूळ आकडा, दोषाची तीव्रता सांगतो. तुझ्या क्लायंटचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा आहे की आतल्या नेटवर्कमध्ये, हे त्याला ठाऊक नसतं. २०२१च्या लॉग४शेलला (लॉग४जे या जावा लायब्ररीतला दोष) १०.० मिळाले होते. तसले दोष रोज सापडत नाहीत, तेव्हा रिस्पॉन्समध्ये नसलेल्या एखाद्या सिक्युरिटी हेडरला 'क्रिटिकल' चिकटवू नकोस, हसतात लोक.

स्कोप (काय काय तपासायचं ठरलं होतं ते) आणि तारखा न चुकता लिही, काय तपासलं नाही तेसुद्धा. उद्या काही घडलं तर सगळे आधी तेच पान उघडतात. रिटेस्टमध्ये, म्हणजे दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीत, डेव्हलपरच्या मेलवर विश्वास ठेवून 'बंद' लिहायचं नाही, स्वतः चालवून बघायचं.