लाल ताणा, हिरवा बाणा, तरी धूपछाव का दिसत नाही?

तुम्ही विचारलंय की 2/20 सुतात (20 नंबरचे दोन पदर पिळलेलं सूत) गर्द लाल ताण्यावर (उभे धागे) हिरवा बाणा (आडवे धागे) घेऊन स्टोल विणला, तर पैठणीसारखी धूपछाव (कोनागणिक बदलणारा दुरंगी भास) यायच्या ऐवजी कापड मातकट झालं आणि निळी बुट्टीही उठून दिसेना.

साध्या विणीत ताणा-बाणा निम्मा निम्मा दिसतो. थोड्या अंतरावरून डोळा ते बारीक ठिपके वेगळे करत नाही, एकत्र कालवतो. लाल-हिरवं कालवलं की तपकिरी होणारच. पैठणीत हीच जोडी खुलते ती रेशमामुळे. कापड हललं की एका कोनातून ताणा चमकतो, दुसऱ्यातून बाणा. साध्या सुताला ती झळाळी नाही. मर्सराइज्ड (रासायनिक प्रक्रियेने चकाकी आणलेल्या) सुतात थोडी मिळेल, पण रेशमाची सर नाही.

बुट्टीचं दुखणं वेगळं. निळा आणि लाल, दोन्ही सारखेच गडद. सुताच्या लड्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा, बाजूला एक काळा धागा ठेवा आणि सावलीत सगळ्यांचा मिळून एकच कृष्णधवल फोटो काढा. (वेगवेगळे फोटो काढलेत तर फोन प्रत्येकाचा उजेड आपल्या मनाने बदलतो.) ज्या दोन लड्या फोटोत सारख्या करड्या दिसतील, त्यांची बुट्टी आणि जमीन (बुट्टीमागचं कापड) कधीच करू नका. इथे रंग बदलण्यापेक्षा तोच निळा दोन पायऱ्या फिका घेतलात तर काम होईल.

पुढचा स्टोल लावण्याआधी नमुना विणाच. पाच रंग, प्रत्येकाचे 40 ताणे, सेंटिमीटरला 10 प्रमाणे. म्हणजे 200 ताणे, 20 सेंमी पन्हा. एक मीटर ताण्याला प्रत्येक रंगाचं 40 मीटर सूत लागेल. त्याच क्रमाने प्रत्येक रंगाचे 40 बाणे टाका. 25 चौकटी मिळतील. कर्णावरच्या पाच शुद्ध, बाकीच्या मिश्र. ठोका (बाणा दाबून बसवणारा फणीचा मार) जोरात बसला तर सेंटिमीटरला 14-15 बाणे जातात, चौकटी चपट्या होतात आणि बाण्याचाच रंग वरचढ ठरतो. मग नमुना खोटा सांगतो. मागावरून उतरवून, धुऊन, इस्त्री करून, दोन मीटरवरून बघा. मागावर ताणलेल्या कापडावर विश्वास नको.

जरीच्या जमिनीवर नक्षी करणार असाल तर मध्यम गडदपणा टाळा. जरी कोनागणिक उजळ-काळी होते आणि मधली छटा तिच्यात बुडते.