जागा हवा बघून निवडा, आवाज-उजेडाचं नंतर जमवता येतं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नागपुरात रिंग रोडला लागून फ्लॅट, सासऱ्यांना दमा, लेकरू लहान, आणि आता डोक्यात दोन पर्याय आहेत, एक बुटीबोरीच्या अलीकडे नवीन ले-आउटमधला प्लॉट आणि दुसरा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं सासरचं जुनं घर. शहरापासून जितकं लांब जाऊ तितकं हवेचं, आवाजाचं, उजेडाचं सगळंच प्रदूषण कमी, असा हिशोब तुम्ही धरला आहे. मी वणीकडच्या खेड्यात राहतो, इकडे कापूस पण आहे अन् कोळसा पण, म्हणून सांगतो, हा हिशोब उजेडाला बराचसा लागू पडतो, आवाजाला अर्धवट आणि हवेला कधी कधी पार उलटा पडतो. दम्याच्या माणसासाठी जागा बघायची तर पहिले हवा बघा, कारण आवाजाचं, उजेडाचं नंतर काही ना काही करता येतं, वाऱ्याची दिशा कोणाच्या हातात नाही.

किलोमीटर मोजू नका, वारा कुठून येतो आणि त्या बाजूला काय आहे ते बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, हिवाळ्यात बहुतेक उत्तर-ईशान्येकडून, पण प्रत्येक गावाचं थोडं वेगळं असतं, नदीकाठी वेगळं, टेकडीच्या पायथ्याशी वेगळं. गावातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, ज्यानं आयुष्यभर खळ्यावर उफणणी केली त्याला कोणत्या महिन्यात वारा कोणत्या अंगानं लागतो हे पाठ असते. हिवाळ्यात जिकडून वारा येतो त्या बाजूला वीटभट्टी, गिट्टी खदान, कापसाचं जिनिंग किंवा कोळसा भरायची रेल्वे सायडिंग असेल तर गाव कितीही आतमध्ये असो, सासऱ्यांना त्रास होणारच. आमच्या वणी-घुग्गुस पट्ट्यात किंवा तिकडे उमरेडला कोळशाच्या रस्त्याकाठची झाडं एकदा बघून या, ताडपत्री नीट न बांधता ट्रक जातात, सांडलेला कोळसा चाकाखाली दळला जातो आणि ती भुकटी रस्त्याकाठच्या घरात, वावरात, फुटलेल्या कापसावर बसते. ही गावं शहरापासून लांबच आहेत ना.

थर्मलचं, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राचं, लोकांना वाटते की चिमणी दिसली म्हणजे धूर डोक्यावर. मोठ्या संचांच्या चिमण्या २७५ मीटरपर्यंत उंच असतात, त्यांचा धूर लांब जाऊन खाली उतरतो, त्यामुळे दूरच्यांनीही आपण सुटलो असं समजू नये. जवळच्या गावांना जास्त जाच असतो तो जळलेल्या कोळशाची राख साठवतात त्या तलावाचा, उन्हाळ्यात तलावाची कड वाळते आणि वावटळ सुटली की सगळी राख घरात. कोराडी, खापरखेडा नागपूरच्या उत्तरेला आहेत, मौदा पूर्वेला, चंद्रपूरचं केंद्र तर चंद्रपूर शहराला लागूनच, हे नकाशावर ठेवूनच कोणताही प्लॉट बघा.

आता खेड्याचं स्वतःचं प्रदूषण, ज्याबद्दल कोणी बोलतच नाही. हिवाळ्यात सांजच्या पारी जमीन लवकर थंड होते, तिला लागलेली हवा थंड होऊन खालीच राहते आणि वर गरम हवेचा थर बसतो, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं, मग धूर वर जातच नाही. आणि नेमकं त्याच वेळी, संध्याकाळी ६ ते ८ आणि पहाटे, घरोघरी चुली पेटतात, आंघोळीचं पाणी तापते, शेकोट्या लागतात. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, सिलिंडर घरोघरी पोचले हे खरं, पण पाणी तापवायला अजूनही तुराटी-पऱ्हाटीच (तुरीच्या अन् कपाशीच्या वाळक्या काड्या) जळते कारण ती वावरातून फुकट येते आणि सिलिंडर भरायला पैसे लागतात, यात त्या बायांचा काही दोष नाही, धूर तर सगळ्यात जास्त त्यांच्याच छातीत जातो. म्हणून आर्वीकडचं तुमचं घर गावठाणाच्या मधोमध आहे की कडेला, हा प्रश्न प्रदूषणाच्या दृष्टीनं नागपूर की खेडं यापेक्षा मोठा आहे. मधोमध असेल तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी सासऱ्यांना ऊन चांगलं वर येईपर्यंत बाहेर काढू नका, फिरायला जायचंच तर १० नंतर.

बाकी वर्षाचं असं आहे. जून ते सप्टेंबर पाऊस धूळ धुऊन टाकतो, हवा सर्वात छान, पण ह्याच दिवसांत गाजर गवत फुलते आणि त्याच्या परागांनी कित्येकांचा दमा आणि अंगाची खाज उसळते, घराभोवतीचं फुलायच्या आधी उपटून टाकायचं, हातमोजे घालून. ऑगस्टपासून कपाशीवर फवारण्या सुरू होतात. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले, तो पावसाळा इथलं कोणी विसरलं नाही, म्हणून कपाशीच्या धुऱ्याला लागून घर असेल तर फवारणीच्या दिवशी खिडक्या बंद आणि लेकरू आत, यात हयगय नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये वावरं रिकामी करताना पऱ्हाटी आणि धुरे जाळतात, मार्च-एप्रिलमध्ये जंगलाच्या कडेला मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि ती आग कधी कधी जंगलात शिरते. एप्रिलमध्ये एखादं गाव बघून कोणी म्हणेल इकडे तर धूरच धूर आहे, आणि तेच गाव ऑगस्टमध्ये बघणारा म्हणेल वा काय हवा आहे, दोघंही खरंच बोलतात.

मोबाइलवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडची नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला ही शहरं २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत, तिथे मोजमापाची यंत्रं बसली आहेत, खेड्यात बहुतेक ठिकाणी काहीच नाही, अॅपवर गावाच्या नावासमोर आकडा दिसतो तो लांबच्या केंद्रावरून किंवा उपग्रहावरून काढलेला अंदाज असतो. पीएम २.५ म्हणजे छातीत खोल जाणारे हवेतले अतिबारीक कण, आपल्या देशाची त्यांची मर्यादा एका घनमीटर हवेत २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची सरासरी ४०, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वर्षाची सरासरी ५ वर आणून ठेवली. बाजारात छोटे मीटर मिळतात, अगदी अचूक नसतात पण सकाळ-दुपार-संध्याकाळचा फरक बरोबर दाखवतात आणि आपल्याला तोच पाहिजे असतो.

आवाजाचं बुटीबोरीच्या बाजूला जास्त बघा. तिकडे राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे, रेल्वेची मेन लाइन आहे, रात्रभर मालगाड्या चालतात, अलीकडे विमानतळ, पुढे एमआयडीसी. प्लॉट दाखवणारे दुपारी नेतात, तेव्हा सगळं शांत वाटते. पण रात्री वर गरम अन् खाली थंड हवा असल्यामुळे आवाज जमिनीकडे वाकतो आणि दिवसा ऐकू न येणारी गाडी रात्री उशाशी ऐकू येते. कायद्यानं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांत, पण ती कागदावर. रात्री १ वाजता जाऊन स्वतः उभं राहा.

खेड्यात शांतता असते हे मात्र अर्धंच खरं. लग्नसराईत डीजे, सप्ताहात भोंगा, ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला रात्री उशिरापर्यंत हडंबा (मळणीयंत्र) चालतो. आणि शहरातल्या माणसाला माहीतच नसते ती गोष्ट म्हणजे जागलीचा आवाज, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पीक फस्त करतात म्हणून आता वावरात बॅटरीवरचे भोंगे लावतात, कुत्र्याच्या भुंकण्याचं रेकॉर्डिंग रात्रभर वाजते, मधूनच फटाका फुटतो. याबद्दल गावात भांडायला जाऊ नका. एका रात्रीत कोणाचं वर्षाचं पीक जाते, त्याच्यापुढे आपली झोप लहान आहे, आपली झोपायची खोली दुसऱ्या अंगाला करून घ्यायची. डीजेचं वेगळं आहे, १० नंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहे, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस शासन १२ पर्यंत सूट देऊ शकते, पोलीस पाटलाला आधीच भेटून सांगितलं की घरी दम्याचं माणूस, लहान लेकरू आहे, तर माणसं ऐकतात, हा माझा अनुभव आहे, ११२ वर फोन करायची पाळी शक्यतो येत नाही.

उजेडाचं मला मनापासून वाटते म्हणून थोडं लांबवतो. १०-१२ वर्षांपूर्वी गावोगाव आकाशगंगा दिसायची, आता चौकात हायमास्ट आणि गल्लीत पांढरे एलईडी, अर्धा उजेड वर आभाळात जातो. ह्या पांढऱ्या उजेडात निळा भाग जास्त असतो आणि त्यानं शरीरातलं झोपेचं मेलाटोनिन कमी होते. पिकालाही कळते बरं, सोयाबीन रात्र किती लांब आहे त्यावरून फुलोरा धरते, दिव्याखालच्या ओळी हिरव्याच राहतात आणि बाकी वावर काढणीला येते. पण अंधार करा असं मी कोणाला सांगणार नाही, साप आहेत, वाघ-बिबट्याचा भाग आहे, पायवाटेला उजेड लागतोच. तो फक्त खाली पाडायचा, वरून टोपी बसवायची आणि पिवळसर दिवा लावायचा. पेंचला हेच केलं, वाघोडा, सिल्लारी अशा गावांतले दिवे बदलले आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेला भाग, झाला, तेही नागपूरपासून फार लांब नाही. तुमच्या दारासमोरचा खांब ग्रामपंचायतीच्या हातात आहे, ग्रामसभेत अर्ज द्या, हे काम खरोखर होते.

तर माझं म्हणणं, यातलं काहीच लगेच विकत घेऊ नका किंवा दुरुस्तीला पैसा घालू नका. आर्वीच्या घरी पौषात पंधरा दिवस सासऱ्यांना घेऊन राहा, मग मार्चमध्ये परत, आणि रोज त्यांचा दम्याचा पंप (इनहेलर) किती वेळा लागला ते वहीत लिहा, ती वही नागपूरच्या डॉक्टरांना दाखवा. जायच्या आधी नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) चालेल एवढा इन्व्हर्टर घरी बसवून घ्या, कारण तिकडे लाइट रात्रीच जास्त जाते, आणि ऑक्सिजनची सोय असलेला दवाखाना रात्री किती वेळात गाठता येतो ते स्वतः एकदा गाडीनं जाऊन बघा.